आधी लिही, मग बघ

सरांच्या गळ्यात नेहमी एक काळी दोरी असायची. नव्या माणसाला वाटायचं, चष्म्याची असेल. पण दोरीला चष्मा नव्हता, स्टॉपवॉच होतं. मनगटावर घड्याळ मात्र नाही. "किती वाजले ते कुणालाही विचारता येतं," ते म्हणायचे, "किती वेळ लागला ते आपलं आपल्याला मोजावं लागतं." कॉलेजच्या गॅदरिंगला पाहुणे भाषणाला उभे राहिले, की सर खिशातून कागदाचा कपटा काढत, त्यावर काहीतरी लिहीत, घडी घालून शेजारच्याच्या हातात देत आणि स्टॉपवॉच दाबत. भाषण संपल्यावर चिठ्ठी उघडायची. 'बावीस मिनिटं' असं लिहिलेलं असे आणि पाहुणे एकवीस नाहीतर तेवीस मिनिटांनी खाली बसलेले असत. प्राचार्यांना हा प्रकार अजिबात आवडत नसे, कारण त्यांच्याही भाषणाची चिठ्ठी निघायची.

"कसं ओळखता, सर?" मी एकदा विचारलं.

"रचना बघायची. पहिल्या दोन वाक्यांत 'मी' आला की दहा मिनिटं धर. बालपण आलं की वर सात. आणि हातात कागद नसला तर मग देवाची प्रार्थना कर."

रचना बघायची, हे त्यांचं सगळ्याच गोष्टींबद्दलचं उत्तर होतं. रत्नागिरीच्या आमच्या कॉलेजात ते रसायनशास्त्र शिकवायचे आणि तळमजल्यावरच्या लॅबमध्ये एका यंत्राशी संसार करायचे. त्यांची खरी बायको, म्हणजे आमच्या काकू, शाळेत शिक्षिका होत्या. त्या सांगायच्या, "मला बघायला आले तेव्हासुद्धा यांनी चिठ्ठी लिहिली होती. मी किती मिनिटांत पोहे घेऊन बाहेर येईन याची."

"मग? बरोबर आली?"

"मी आलेच नाही. भाऊ घेऊन आला पोहे. म्हणून तर हो म्हणाले. म्हणे, जिच्या बाबतीत आपला अंदाज चुकतो तिच्याशीच लग्न करावं."

यंत्राचं काम असं. पाण्यात, मातीत, मासळीत क्लोरीनवाली घातक द्रव्यं मिसळली आहेत का, ते त्यातून कळतं. आत केसासारख्या बारीक नळीचं वेटोळं असतं. एका बाजूने नमुन्याचा थेंब सोडायचा, वायू त्याला पुढे ढकलत नेतो आणि प्रत्येक द्रव्य आपापल्या वेळी दुसऱ्या बाजूने बाहेर पडतं. तेव्हा पडद्यावरची सपाट रेघ उंच चढते आणि पुन्हा उतरते. आम्ही त्याला इंग्रजीत पीक म्हणायचो, सर टोक म्हणायचे. टोक कितव्या मिनिटाला आलं, त्यावरून द्रव्य कोणतं ते ठरवायचं.

माझ्या पहिल्याच दिवशी सरांनी विचारलं, "वडील काय करतात?"

"एसटीत कंडक्टर. खेड डेपोला."

"मग तुला हे शिकवायलाच नको. समज, खेडहून एका गाडीने दहा माणसं निघाली. एक जण जागचा हलत नाही, तो वेळेत पोचला. दुसरा दर स्टॉपला उतरतो, ओळखीचं कोण दिसलं की गप्पा छाटतो आणि मागच्या गाडीने येतो. या नळीला आतून लेप आहे. ज्याला लेप आवडतो तो रेंगाळतो. एवढंच शास्त्र आहे. बाकीचं ग्रँट मिळवायला लिहितात."

पण कोणतं द्रव्य किती रेंगाळेल, हे कळायला त्याचा शुद्ध नमुना आधी यंत्रातून पाठवून बघावा लागतो. ही क्लोरीनवाली द्रव्यं एकेका कुटुंबात शंभर शंभर असतात आणि आमच्या कपाटात कुप्या होत्या जेमतेम वीस. म्हणून सरांनी आयुष्याची वीसेक वर्षं एका सूत्रात घातली होती. रेणूची रचना पाहून, शुद्ध नमुना हाताशी नसताना, तो नळीतून कितव्या मिनिटाला उतरेल ते सांगणारं सूत्र. क्लोरीन किती, ते कुठल्या कोपऱ्यावर, आणि शेजारी शेजारी बसलेत की लांब लांब. टेबलावर त्यांनी तारेच्या षटकोनी कड्या करून ठेवल्या होत्या, क्लोरीन म्हणून त्यांना सुपाऱ्या खोचायचे. "शेजारी बसले की रेणू चिकट होतो. उशिरा उतरतो. पण किती उशिरा? ते सांग," असं म्हणत दोन सुपाऱ्या बोटांनी जवळ आणायचे आणि आमच्याकडे बघायचे. विचार करता करता मधेच एखादी सुपारी तोंडात टाकायचे. मग रेणूला एक क्लोरीन कमी पडायचा आणि आमची गणितं चुकायची.

त्या लॅबचा एकच नियम होता. आधी लिही, मग बघ. कुठलाही नमुना सोडण्याआधी प्रत्येकाने सूत्रावरून हिशोब करून आपला आकडा चिठ्ठीवर लिहायचा आणि घडी घालून काजूच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात टाकायचा. चिठ्ठीवर नाव लिहायचं नाही, सर अक्षर ओळखायचे. टोक आलं की डबा उघडायचा आणि फरक वहीत मांडायचा. "टोक चुकत नाही. चुकतो तो अंदाज. म्हणून फरक नेहमी अंदाज करणाऱ्याच्या नावावर लिहायचा." ज्याचा फरक सगळ्यांत मोठा, त्याला सर रागवायचे नाहीत. उलट कँटीनमधून कांदाभजी मागवून पहिली त्याला द्यायचे. "याने आपल्याला काहीतरी नवीन सांगितलं," म्हणायचे. त्यांचं म्हणणं असं, की बरोबर आलेल्या अंदाजातून काही शिकता येत नाही, फक्त झोप चांगली लागते.

हे सगळं इतकं सरळ होतं, तरी मी तिथे चोरी केली.

मला इंग्रजी धड येत नव्हतं. वर्गातली शहरातली मुलं फाडफाड बोलायची आणि मी मान खाली घालून आकडे मांडायची. माझी चिठ्ठी सहसा बरोबर यायची. सर एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, "ही मुलगी चुकत नाही." त्या वाक्याने माझं वाटोळं केलं. पुढच्याच आठवड्यात सरांनी नवी कुपी काढली. पाच क्लोरीनचा रेणू, त्यातले तीन अगदी लागून बसलेले. मी चिठ्ठीवर लिहिलं, चौदा पॉइंट सहा. नमुना सोडला. त्या दिवशी लॅबमध्ये आम्ही दोघंच, हिशोब सरांनी एकट्या माझ्यावर सोपवलेला, सर खिडकीशी पाठमोरे बसलेले. टोक बघायचं नाही म्हणून ते भिंतीकडे तोंड करायचे, ही त्यांची जुनी सवय. टोक आलं चौदा पॉइंट दोनला. चार दशांशाचा फरक, आमच्या कामात हा डोंगर. मी डब्यातली माझी चिठ्ठी काढून कंपासपेटीत टाकली आणि दुसरी लिहून ठेवली. चौदा पॉइंट तीन.

सरांनी डबा उघडला आणि ते जे हसले, ते मला अजून दिसतं. "शेजार जमला," ते म्हणाले. तीन क्लोरीन लागून असले तरी आपलं सूत्र चालतं, असं त्यांनी वहीत लिहिलं आणि खाली सही केली. मला वाटलं, आपण कुणाचं काय बिघडवलं? भजी तेवढी चुकली.

दोनेक महिन्यांनी एका वाडीतून ग्रामपंचायतीचा माणूस पाण्याचा नमुना घेऊन आला. रत्नागिरीपासून तासाभरावरची बावीस घरांची वाडी, बहुतेक घरांतले पुरुष मुंबईला. वाडीच्या वरच्या अंगाला कुणीतरी भंगाराची शेड टाकली होती, तिथे जुने ट्रान्सफॉर्मर फोडायचे आणि त्यातलं तेल जमिनीवर सांडायचं. त्या तेलात आमची ही कुटुंबं असू शकतात. वाडीला पाण्याची एकच बाव, म्हणजे विहीर, आणि पावसाळ्यानंतर पाण्याला वास येतो अशी तक्रार. असे नमुने तपासणं हा सरांचा जीव की प्राण होता. दर रविवारी काचेच्या बाटल्या पिशवीत घालून ते एसटीने गावोगाव जायचे. पण हा माणूस पाणी घेऊन आला तो नव्या कोऱ्या प्लास्टिकच्या कॅनमधून. सरांनी कपाळाला हात लावला, पण तो इतक्या लांबून आलेला, काळजीत असलेला. "ठेव," म्हणाले.

नमुन्यात एक टोक आलं. स्पष्ट, उंच. ज्या रेणूची कुपी आमच्याकडे नव्हती, त्याच्यासाठी सूत्राने आधी सांगितलेल्या आकड्यावर, अगदी दशांशाला दशांश. त्या रेणूतही तीन क्लोरीन लागून बसलेले होते. सर बराच वेळ पडद्यासमोर उभे राहिले. वीस वर्षांनी सूत्र कुणाच्या तरी कामाला आलं होतं. त्याच दुपारी त्यांनी ग्रामपंचायतीला पत्र लिहिलं, की पुढचं कळवेपर्यंत या बावीचं पाणी पिऊ नये.

मला त्याच क्षणी कळलं होतं. माझी खरी चिठ्ठी डब्यात असती तर वहीत लिहिलं गेलं असतं, की अशा रेणूंच्या बाबतीत सूत्र चार दशांशाने चुकतं. मग हे टोक त्या रेणूचं ठरलंच नसतं. कळलं होतं आणि मी गप्प बसले. एक दिवस, चार दिवस, दहा दिवस. गप्प बसण्यात एक मजा असते, रोज ती थोडी सोपी होत जाते.

अठरा-एकोणीस दिवसांनी सर म्हणाले, "चल, बाटलीत नवा नमुना घेऊन येऊ." वाडीत पोचलो तेव्हा बायका पऱ्यावरून पाणी आणत होत्या. पऱ्या, म्हणजे ओढा, खाली दरीत. जांभ्याच्या चढणीवरून दोन दोन हंडे डोक्यावर. त्यात एक बाई पोटुशी होती. तिने आम्हाला बघून हंडा सावरत विचारलं, "मास्तर, आमची बाव सुटंल काय वो?"

परतीच्या गाडीत मी सरांना सगळं सांगितलं. शेवटच्या सीटवर, रडत, अर्धवट वाक्यांत. सर खिडकीबाहेर बघत होते. गाडी हातखंब्याच्या स्टॉपला थांबली. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"पहिली चिठ्ठी फाडलीस?"

"नाही. कंपासपेटीत आहे."

"मग बरं," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात खरंच हायसं वाटल्यासारखं काहीतरी होतं. "म्हणजे आकडा आहे आपल्याकडे."

मला त्यांनी एक थप्पड मारली असती तर बरं झालं असतं. थोड्या वेळाने ते स्वतःशी बोलल्यासारखे म्हणाले, "तुझी चूक चार दशांशाची. माझी मोठी आहे. ही द्रव्यं कधी एकटी फिरत नाहीत, सगळं कुटुंब घेऊन येतात. तेलातून आली असती तर दहा-बारा टोकं दिसली असती. एकच कसं आलं, हे मी विचारायला हवं होतं. पहिल्या वर्षाच्या पोरालासुद्धा मी हे विचारायला शिकवतो. पण आकडा जुळला आणि मी बघायचंच सोडलं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी तोच प्लास्टिकचा कॅन धुऊन त्यात आमचंच शुद्ध पाणी भरलं आणि दोन दिवस ठेवलं. मला म्हणाले, "आधी लिही." मी लिहिलं. टोक आलं, त्याच जागी. ते प्लास्टिकमधून पाण्यात उतरणारं द्रव्य होतं. काचेच्या बाटलीतल्या बावीच्या पाण्यात त्या जागी काहीच नव्हतं, कुटुंबातलं दुसरंही कुणी नव्हतं. वास येत होता तो पावसात बावीत पडून कुजलेल्या पाल्याचा.

सर पत्र पाठवून मोकळे होऊ शकले असते. ते स्वतः गेले आणि मलाही नेलं. बावीच्या कठड्याशी वाडी जमली. सरांनी हात जोडले. "पाणी चांगलं आहे. चूक आमच्या वहीत होती. ती माझी आहे."

मग एक म्हातारी पुढे आली. "मास्तर, तुमी सांगितलाव म्हून आमी बाव बंद केली. आता तुमीच सांगताव उघडा, तर उघडू. तुमच्या वहीतली चूक तुमी खोडून टाकशाल. पन आमच्या सुना वीस दिस पऱ्यावरून पानी व्हायत व्हत्या, ता कुठल्या वहीत लिवलाव?"

सरांनी मान हलवली. "लिहिलं नाही. लिहितो," म्हणाले. म्हातारीला ते उत्तर वाटलं नसावं. ती बावीचा दोर खेचत बादली सोडायला वळली.

आणि त्यांनी खरोखर लिहिलं. वहीत त्या नोंदीच्या पुढे, फरकाच्या रकान्यात: 'चार दशांश. वीस दिवस. बावीस घरं.' माझ्या दोन्ही चिठ्ठ्या, खरी आणि खोटी, त्यांनी यंत्राच्या वर भिंतीवर शेजारी शेजारी टाचणीने लावल्या. खाली एक पट्टी, 'डावी आधी लिहिलेली. उजवी बघून लिहिलेली.' नाव नाही.

तक्रार कॉलेजपर्यंत गेली. सरांना बोलावणं आलं. नोंद कोणाची, असं विचारल्यावर ते म्हणाले, "वहीवर सही माझी आहे." मी तेव्हा बाहेरच्या बाकावर बसले होते, दार अर्धवट उघडं होतं, सगळं ऐकू येत होतं. उठून आत जायला सात पावलं पुरली असती. मी बसून राहिले. त्यानंतर बाहेरचे नमुने घेणं कॉलेजने बंद केलं. सरांचे रविवार संपले. बाटल्यांची पिशवी लॅबमध्ये खुंटीला तशीच लटकत राहिली. मुलं भिंतीकडे बोट दाखवून विचारायची, "सर, या कुणाच्या?" सर म्हणायचे, "आपल्या लॅबच्या." माझ्याकडे चुकूनही बघायचे नाहीत, आणि त्या न बघण्याचाच मला त्रास व्हायचा.

मी तिथेच नोकरीला लागले. सर निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी स्टॉपवॉच बरोबर नेलं, तारेच्या कड्या मला दिल्या, सुपाऱ्या खाल्ल्या. मग काजूचा डबा पुढे केला. आत एकच चिठ्ठी होती, घडी घातलेली.

"भिंतीवरच्या त्या दोन चिठ्ठ्या तुझ्या आहेत, हे तू मुलांना किती वर्षांनी सांगशील, ते मी लिहिलंय. सांगितलंस की उघड. आधी नाही."

"आणि सांगितलंच नाही तर?"

"नळीत शिरलेलं सगळं कधी ना कधी बाहेर येतं," म्हणाले, आणि खाडीपलीकडे भाट्याच्या आपल्या घरी निघून गेले.

दर जूनमध्ये नवी मुलं यायची, भिंतीकडे बोट दाखवायची. मी म्हणायची, "आपल्या लॅबच्या." वाक्य सरांचं होतं, पण माझ्या तोंडी ते निव्वळ लबाडीचं होतं. पहिल्या वर्षी वाटलं, इतक्यात नको, नोकरी कच्ची आहे. मग वाटलं, आता कशाला. सरांना भेटायला जायची तेव्हा ते नव्या मुलांची, यंत्राची, कोणी किती चुकलं याची चौकशी करायचे. डब्याबद्दल चकार शब्द नाही. पाचव्या वर्षी, साध्या तापाचं निमित्त होऊन, ते गेले. दहाव्याच्या दिवशी काकूंनी विचारलं, "डबा उघडलास का गं?"

"नाही, काकू."

"हॉस्पिटलात असताना दोनदा विचारलं होतं त्यांनी. तिचा फोन आला का म्हणून." मला दोष द्यायला नव्हे, नुसतं सांगायचं म्हणून त्यांनी सांगितलं. मी भाट्याच्या पुलावरून चालत घरी आले, रिक्षा केली नाही.

आता आमच्याकडे नवं यंत्र आहे, आणि कॉम्प्युटर रेणूची रचना बघून दोन सेकंदांत वेळ सांगतो. तरी मी डबा ठेवलाय आणि चिठ्ठ्या लिहायला लावते. मुलं हसतात, पण लिहितात. यंदा केळशीची एक मुलगी आली, अबोल, आकड्यांत पक्की. गेल्या महिन्यात नमुना सोडला होता आणि मी सरांसारखीच भिंतीकडे तोंड करून बसले होते. समोरच्या कपाटाच्या काचेत मला तिचा हात दिसला. डब्यात गेला, एक चिठ्ठी टाकून बाहेर आला, मुठीत काहीतरी घेऊन.

मी वळले. ती पांढरीफटक पडली. बाकीची चौघं आमच्याकडे बघायला लागली. मला तिला खूप काही ऐकवता आलं असतं, तेवढा अधिकार मला पगाराबरोबर मिळालेला आहे. पण ती मूठ मी ओळखत होते.

"फाडू नकोस," मी म्हटलं. "दोन्ही ठेव." मग भिंतीकडे बोट दाखवलं. "त्या दोन्ही माझ्या आहेत. बसा, सांगते." आणि त्या पाचही मुलांना मी सगळं सांगितलं, वाडी, पऱ्या, पोटुशी बाई, म्हातारी आणि बाहेरचा बाक धरून.

मुलं गेल्यावर मी डबा उघडला. सरांचं अक्षर बारीक, उजवीकडे झुकलेलं. 'तीन वर्षं.'

सर निवृत्त झाल्यापासूनची वर्षं मी मनात मोजली, मग बोटांवर मोजली, तरी उत्तर तेच आलं. सात. तिसऱ्या वर्षी सर भाट्याला होते. धडधाकट होते, रोज संध्याकाळी किनाऱ्यावर फिरत होते. तेव्हा सांगितलं असतं तर मी चिठ्ठी घेऊन त्यांच्याकडे गेले असते आणि त्यांनी भजी मागवली असती.

ती जुनी वही काढली. शेवटच्या पानावर रकाने आखले. अंदाज: तीन. प्रत्यक्ष: सात. फरक: चार वर्षं. नियमाप्रमाणे फरक अंदाज करणाऱ्याच्या नावावर लिहायचा असतो. मी तो माझ्या नावावर लिहिला, आणि खाली सही केली.